धरून पाजायची गोळी

शालूला खाली बसून जेवताना तिच्या पोटच्या पोरीनंही कधी पाहिलेलं नाही. ताट ओट्यावर, उजवा हात ताटात, डावा कमरेवर आणि नजर दाराकडं. मैत्री आता खराडीच्या एका कंपनीत कामाला जाते, चार लोकांत वावरते, तिला या गोष्टीची लाज वाटते. मध्यंतरी तिनं हौसेनं डायनिंग टेबल आणलं. "आई, आता तरी बस ना. जरा चिल कर." शालूनं टेबलावरून हात फिरवला. "छान आहे. इस्त्रीचे कपडे ठेवायला बरं पडेल."

आणि खरंच त्यावर आजतागायत इस्त्रीचे कपडेच आहेत.

लहानपणी ही बाई अशी नव्हती, बरं का. तिचे वडील बाबुराव गवंडीकाम करायचे. येरवड्यातल्या त्यांच्या वस्तीत रविवारी विहारात वंदना असायची, तेव्हा बाकीची पोरं चुळबुळ करून मार खायची आणि शालू ढिम्म बसून राहायची. बाबुराव कौतुकानं म्हणायचे, "आमच्या शालीला ओळंबा लावून बघा, इकडची तिकडं व्हायची नाही."

मग तिचं लग्न झालं. नवरा संजय, खडकीत सरकारी नोकरीला, क्वार्टर मिळालेलं, पेन्शनची हमी. माणूस दिवसा देव होता. संध्याकाळी स्कूटर दारात यायची आणि स्टँड फरशीवर कसा पडतो त्यावरून शालू ओळखायची, आज किती झालीय. स्टँड एका दमात पडला तर भाकरी थापायला घ्यायची. दोन-तीनदा घसरला तर गॅस बंद, मैत्री काखेत, आणि दाराच्या कडेला उभं राहायचं. बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो, उभ्याला लागत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अंगानं शिकून घेतलं.

संजयला दोनदा कर्वेनगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दुसऱ्या खेपेनंतर तो वर्षभर प्यायला नाही. पुढं पुन्हा सुरू झालं आणि लिव्हर गेलं. तो गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत केंद्र चालवणारे हिंमतराव घरी आले आणि म्हणाले, "शालूबाई, पोरगी शिकतीय तुमची. आमच्याकडं पोळ्या लाटायला या." ती गेली. पोळ्यांवरून बायकांच्या वॉर्डात गेली, वॉर्डात काम करता करता काउन्सेलिंगचा कोर्स केला, आणि आता तिच्या छातीवर नावाची पट्टी आहे. पेशंट पाठीमागं तिला हवालदारीण म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि आतून थोडं आवडतंही.

केंद्र म्हणजे कॉलेजच्या मागच्या गल्लीतला भाड्याचा बंगला. शेजारच्या बंगल्याच्या फाटकावर पाटी आहे: 'व्यसन सोडायचे असल्यास पुढचे फाटक. आमचे व्यसन आम्ही सोडणार नाही. बेल वाजवू नये.' खाली पुरुष, वर बायका. जिन्याला वरच्या टोकाला दार, दाराला बाहेरून कडी.

या धंद्यात पेशंट काय काय करतात ते शालूला पाठ होतं. खोबरेल तेलाच्या बाटलीत दारू. अंबाड्यात तंबाखूची पुडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोळ्या जिभेखाली धरून साठवायच्या आणि एके दिवशी सगळ्या एकदम गिळायच्या. म्हणून केंद्रात कुणाच्याही हातात अख्खी गोळी द्यायची नाही, हा नियम. गोळी खलात कुटायची, पाण्यात कालवायची, स्टीलच्या पेल्यातून समोर उभं राहून पाजायची, आणि मग "आ करा, जीभ वर." कुणी नाही म्हणालं तर हिंमतरावांचे दोन शब्द होते: धरा आणि पाजा. एकीनं हात धरायचे, दुसरीनं डोकं मागून धरून पेला लावायचा. नाक दाबलं की तोंड उघडतंच. शालूनं हे कितीजणींना केलं असेल याचा हिशोब तिनं ठेवला नव्हता. बऱ्या होऊन घरी गेलेल्या बायका दिवाळीला तिला चकल्या आणून द्यायच्या, मग हिशोब कशाला ठेवायचा?

गेल्या महिन्यात ऋतिकानं ट्रेनिंग घेतलं. ऋतिका म्हणजे केंद्रात आठवड्यातून दोनदा येणारी मानसशास्त्राची मुलगी, मैत्रीच्याच वयाची. सगळ्या स्टाफला खुर्च्यांवर बसवून ती म्हणाली, "या माणसाचं काय बिघडलंय, असं आपण विचारतो. त्याआधी मनात एवढं धरा, की याच्यावर काहीतरी गुदरलं असेल. काय, ते खोदून विचारायचं नाही. पण आपल्या हातून तेच पुन्हा होऊ नये, एवढी काळजी घ्यायची."

शालू मागून म्हणाली, "मॅडम, गुदरलंय सगळ्यांवरच. म्हणून सगळे पितात का? मी नाही प्यायले."

लोक हसले. ऋतिकाही हसली. "खरंय, शालूताई. तुम्ही नाही प्यायलात." मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "पण तुम्ही सकाळपासून दारात उभ्या आहात. खुर्ची आहे तिथं."

"मूळव्याध आहे मला," शालू म्हणाली.

आणखी मोठा हशा झाला. पण शालूला पुढचे आठ दिवस त्या मुलीचा राग येत राहिला, आणि राग कशाचा हे सापडेना, त्याचा आणखी राग.

अशात सुंदराबाई आली.

सुंदराबाई शिवणे गावची. गाव शहरात आलं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि मुलगा विश्वजीत प्लॉटिंगमध्ये मोठा माणूस झाला. घरात मार्बल, दारात पांढरी गाडी, चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि मागच्या खोलीत आई गुपचूप पिते. सून वैष्णवी रडत म्हणाली, "पाहुण्यांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही ओ." त्यांनी सुंदराबाईला सांगितलं होतं की डोळे तपासायला जायचंय. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती बंगल्यात आली आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "डोळ्याचं मशीन कुठाय?"

"वर आहे, मावशी," शालू म्हणाली. "चला."

ती मुकाट्यानं जिना चढली. मागं कडी लागली तेव्हा तिनं वळून पाहिलं, आणि मग काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे हात थरथरायला लागले. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की अंग पेटतं, हे शालूला नवं नव्हतं. घाम, थरकाप, मळमळ, आणि गोळी गेली नाही तर फिट. तिनं खलात गोळी कुटली, पेला भरला. वॉर्डातल्या आयाला, कल्याणीला, हाक मारली. सुंदराबाईनं पेला बघून तोंड फिरवलं. एकदा, दोनदा. मग कल्याणीनं हात धरले आणि शालूनं सरावानं डावा हात तिच्या डोक्यामागं घालून पेला ओठांना लावला.

शालूला आजवर शिव्या मिळाल्या होत्या. लाथा बसल्या होत्या. एकीनं मनगटाला चावून वळ उठवला होता. सुंदराबाईनं यातलं काहीच केलं नाही. ती विझली. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. पाणी ओठांच्या कडेनं गळून लुगड्यावर गेलं, आणि खाली फरशीवरही ओल पसरली, ती पेल्यातली नव्हती. कल्याणीनं हात सोडले. सुंदराबाई कॉटवरून उतरली, गुडघ्यांवर रांगत कॉटखाली गेली आणि भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसली. साठीची बाई, पाटल्या घातलेल्या हातांची, नातवंडांची आजी.

"ताई, काय झालं हो त्यांना?" कल्याणी कुजबुजली.

"फडकं आण," शालू म्हणाली.

फरशी तिनं स्वतः पुसली.

दुपारपर्यंत डॉक्टरांचा फोन झाला. ते संध्याकाळच्या व्हिजिटला यायचे, पण फोनवर स्पष्ट बोलले. "संध्याकाळच्या आत गोळी पोटात गेली पाहिजे. आधी कधी फिट आली होती का, माहीत नाही. वय बघा तिचं. जमत नसेल तर मोठ्या दवाखान्यात हलवा, वाट बघू नका."

हिंमतराव ऑफिसात पंख्याखाली बसून ऐकत होते. धिप्पाड माणूस. एके काळी ससून दवाखान्याच्या फुटपाथवर पडलेला असायचा, कुणीतरी उचलून आणलं, बांधून ठेवलं, तेव्हापासून थेंबाला शिवला नाही. त्याच्या डोळ्यांत वाईटपणा नव्हता, घाई होती.

"पाच वाजता संतोषला आणि आणखी दोघांना वर पाठवतो," ते म्हणाले. "तुमच्यानं होत नाही तर गडीमाणसं धरतील."

"गडीमाणसं? तिला?"

"मग काय करू? आरती ओवाळू? फिट आली, जीभ चावली, गेली म्हणजे विश्वजीत गाडी भरून माणसं आणंल हितं. मला धरूनच पाजली होती, शालूबाई. आज तुमच्यापुढं बसलोय."

शालू बाहेर पडली. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली, परत खाली उतरली, परत चढली. फोन काढला. ऋतिकाला लावायचा नव्हता, तरी लावला. मागं हॉर्नचा कल्ला, मुलगी कुठंतरी सिग्नलला अडकलेली. शालूनं सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

"शालूताई, मी तिथं नाहीये, मला खात्रीनं नाही सांगता येणार," ऋतिका म्हणाली. "धोका वाटला तर सरळ दवाखाना, त्यात मागंपुढं नको. पण तोपर्यंत… कालपासून तिच्या हातात काय आहे? घर नाही, कपडे नाहीत, दार नाही. काहीतरी तिचं तिला ठरवू द्या. काहीही. खिडकी उघडी हवी की बंद, एवढं सुद्धा."

"मॅडम, तिला फिट यायचीय आणि मी खिडकी विचारू?"

"हो. विचारा."

फोन कटला. "एम.ए. करून खिडकी," शालू स्वतःशी म्हणाली.

वर आली तर सुंदराबाई कॉटखालून बाहेर निघाली होती. बसवत नव्हतं तिला. दार ते खिडकी, खिडकी ते दार, अशी चालत होती. लुगडं घामानं चिकटलेलं, बोटं हवेत काहीतरी निवडल्यासारखी हलत होती. बाकीच्या दोघी पेशंट भिंतीला लागून तिच्याकडं बघत होत्या. शालूनं कल्याणीला त्यांना खाली टीव्हीपुढं न्यायला सांगितलं. खोलीत दोघीच उरल्या. एप्रिलचं ऊन, वर पत्र्याची शेड, पंखा गरम हवा ढवळत होता.

शालू दारातच उभी राहिली. घसा खाकरला. असला प्रश्न विचारायची तिलाच लाज वाटत होती.

"मावशी, खिडकी उघडी ठेवू का लावू?"

दार ते खिडकी. खिडकी ते दार. शालूला वाटलं, झालं, ही काय बोलत नाही. तेवढ्यात खिडकीशी पोचलेली सुंदराबाई बाहेर बघत म्हणाली, "लाव. त्या पोरी हसत्यात."

खाली कॉलेजच्या मुली स्कूटरवर बसून कुल्फी खात होत्या. त्या कशालाही हसत असतील. शालूनं खिडकी लावली.

"आणि दार?"

सुंदराबाई थांबली. पहिल्यांदा तिनं शालूकडं नीट पाहिलं, बाजारात भाव सांगणाऱ्याकडं बघावं तसं.

"उघड म्हनलं तर उघडशील व्हय?"

शालूनं दार सताड उघडलं. जिन्यावरून खालचा टीव्ही ऐकू यायला लागला. सुंदराबाई दारापर्यंत गेली, पायऱ्या पाहिल्या आणि मागं वळली. पुन्हा चालायला लागली. आता शालूही चालायला लागली, तिच्या शेजारून नाही, खोलीच्या दुसऱ्या कडेनं. उभं राहून राहून तिचेही पाय वळवळत होते. ती खिडकीशी असली की ही दाराशी, अशा दोघी एकमेकींना ओलांडत राहिल्या. मध्येच सुंदराबाई कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. शेजारी पेला होता, त्याला ती शिवली नाही. नळ सोडला आणि ओंजळीनं पाणी प्यायली. थरथरत्या ओंजळीतून निम्मं सांडलं.

ते शालूनं पाहिलं. आणि सकाळचा आपला डावा हात तिला जड व्हायला लागला.

"मावशी," ती पलीकडच्या भिंतीकडून म्हणाली, "सकाळी चुकलं माझं. तुमच्या डोक्यामागं हात घातला मी. परत नाही घालणार."

दार ते खिडकी.

"आन डोळ्याचं मशीन?"

"तेही मी खोटं बोलले."

"माझ्या इश्वानं शिकवलं का तुला?"

"नाही. माझं मीच बोलले. आम्ही सगळ्यांनाच बोलतो."

सुंदराबाईच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. "बरंय की. सगळ्यास्नी एकच माप." मग चालता चालताच, कुणाला उद्देशून नाही असं ती बोलायला लागली. "लोकं म्हनत्यात म्हातारी बिघडली. सून म्हनती पाव्हन्यात नाक कापलं. म्या कुनाच्या बापाचं काय घेतलं? म्हातारा गेल्यापासनं माझ्या हातानं पिते. माझी बाटली, माझा पेला, कवा पाहिजे तवा, पाहिजे तेवढी." ती थांबली, तोंड पुसलं. "आदी त्याच्या हातानं पेत हुते."

शालूच्या जिभेवर प्रश्न येऊन बसले. तिचा कोर्सच त्याचा होता. बोला, मोकळ्या व्हा, मनात ठेवू नका, असं तिनं कितीतरी बायकांना गोलात बसवून सांगितलं होतं, आणि नाही बोलल्या तर बोलेपर्यंत उठू दिलं नव्हतं. त्याच्या हातानं म्हणजे? कसं? कधीपासून? एक शब्द टाकला असता तर कदाचित सगळं बाहेर आलं असतं. कदाचित पुन्हा कॉटखाली गेलं असतं.

पण विचारायला उरलं काय होतं? डोक्यामागं हात, ओठांना पेला. सकाळी तिनं स्वतःच करून दाखवलं होतं.

"थांबा, आले," म्हणून ती खाली धावली. दार उघडंच ठेवून.

औषधाच्या कपाटापाशी कल्याणी खल पुढ्यात घेऊन बसली होती. "ताई, कुटू का परत? साहेबांनी सांगितलंय पाचला तयार ठेव म्हणून."

"कुटू नको. स्ट्रिप दे."

"अख्खी?"

शालूनं कात्री घेतली आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोळ्यांचा तुकडा कापून घेतला, चंदेरी कागद न फोडता. कल्याणीचं तोंड उघडं राहिलं. हे म्हणजे केंद्रात कुणी देव्हाऱ्यात चपला घालून गेल्यासारखं होतं.

वर येऊन शालूनं तो तुकडा कॉटवर ठेवला आणि चार पावलं मागं झाली.

"मावशी, या झोपेच्या जातीच्या गोळ्या आहेत. दारू तोडल्यावर अंग थरथरतं, ते यानं उतरतं. गुंगी येईल, झोप लागेल. नाही घेतल्या तर फिट यायची भीती आहे. फिट म्हणजे फेफरं. दोन्ही आत्ता घ्यायच्या, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही फोडा, तुम्ही घ्या."

"काल का न्हाई सांगितलं आसं?"

"सांगायची पद्धत नाही," शालू म्हणाली, आणि हे बोलताना ते किती हास्यास्पद आहे हे तिला ऐकू आलं.

सुंदराबाईनं तुकडा उचलला. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यानं कागद दाबायला गेली, तर अंगठा एकीकडं आणि गोळी दुसरीकडं. हात थांबतच नव्हते. पुन्हा दाबलं. नखानं कुरतडलं. दातात धरलं. शालूचे हात शिवशिवायला लागले. एका सेकंदाचं काम होतं, टच्चकन फोडून तळहातावर ठेवलं असतं. तिनं स्वतःचे हात पाठीमागं नेऊन एकमेकांत करकचून धरले. तेवढ्यात कागद फाटला, गोळी उडाली, फरशीवर टप्पा घेऊन कॉटखाली गेली.

"गेली आयला," सुंदराबाई म्हणाली.

"दुसरी आणू?"

"कशाला? पाय न्हाईत का मला?" आणि ती पुन्हा गुडघ्यांवर बसून कॉटखाली शिरली. पण या खेपेला ती लगेच मागं सरकत बाहेर आली, केसाला जाळं लागलेलं, चिमटीत गोळी. फुंकर मारून पदराला पुसली.

नेमकी तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली. जड, पुरुषांची. कल्याणीनं खाली सांगितलं होतं.

सुंदराबाई होती तिथं थिजली. गोळी तळहातावर, हात अर्धा वर. डोळ्यांतलं माणूस पुन्हा आत आत जायला लागलं. शालूनं ते पाहिलं आणि ती दारातून बाहेर जिन्याच्या टोकावर आली. खाली पाच-सहा पायऱ्यांवर हिंमतराव, त्यांच्या मागं संतोष, केंद्राची व्हॅन चालवणारा रांगडा गडी, आणि आणखी दोघं.

"स्ट्रिप दिलीत म्हणे तिला," हिंमतराव म्हणाले.

"हळू बोला. वर यायचं नाही."

"काय?"

"वर यायचं नाही. पुरुषमाणूस कुणीच नाही."

"शालूबाई, जिभेखाली धरंल ती. संडासात टाकंल. तुम्हीच शिकवलंत की हे आम्हाला!"

"टाकू दे."

"आणि फिट आली तर?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मागं खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. "आली तर मोठ्या दवाखान्यात नेऊ. संतोष, व्हॅन फाटकात लावून ठेव, तोंड रस्त्याकडं कर. मी बसते तिच्याबरोबर. पण तिच्या पायानं चालत नेऊ. हात लावायचा नाही कुणी."

संतोषनं हिंमतरावांकडं पाहिलं.

"संजयला मी याच हातांनी धरला होता," हिंमतराव म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "वर्षभर सुधारला होता का नाही तुमचा नवरा? तुम्हीच पेढे आणले होते."

"आणले होते. दारू थांबली म्हणून आणले." शालूला पुढचं बोलायचं नव्हतं. बाबुरावांना, मैत्रीला, कुणालाच तिनं ते सांगितलं नव्हतं. "हात थांबला नव्हता, हिंमतराव. हितून घरी आला तो जास्तच चिडून आला. मला धरलं, मला बांधलं, असं झोपेत ओरडायचा, आणि उठला की समोर मी. ते वर्ष सगळ्यात वाईट गेलं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

खाली टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

आणि मागं खोलीत नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी थोडा वेळ वाहिलं. बंद झालं. मग पुन्हा सुटलं, पुन्हा बंद.

शालूनं वळून पाहिलं नाही. हिंमतरावांनी मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, मग तेही थांबले. ते म्हणाले, "एकीला चाललं म्हणून उद्यापासून सगळ्यांना स्ट्रिपा वाटायच्या का?"

"सांगून द्यायच्या. कशाला आहे ते सांगून."

"फसवतील."

"फसवतील काहीजणी. आपण काय कमी फसवलं? डोळे तपासायला आणलंय तिला."

"डॉक्टर येऊ देत. मग बोलू," असं म्हणत ते उतरायला लागले. पटलं नव्हतं त्यांना. दोन पायऱ्या उतरून संतोषवर खेकसले, "ऐकलं नाही का? व्हॅन लाव म्हणाल्या ना त्या!"

शालू खोलीत आली. सुंदराबाई बेसिनपाशी उभी होती, हनुवटीवरून पाणी गळत होतं. चंदेरी कागदाचा रिकामा तुकडा तिनं बेसिनच्या कडेला ठेवला होता. शालूला बघताच तिनं तोंड उघडलं आणि जीभ वर केली, काल इतर बायकांना करताना पाहिलं होतं तशी.

"नका दाखवू," शालू घाईघाईनं म्हणाली.

"का? इस्वास ठेवतीस व्हय माझ्यावर?"

"थोडा."

"थोडा बरा," सुंदराबाई म्हणाली आणि चालायला लागली. गोळीला उतरायला वेळ लागणार होता. शालू तिच्या पावलांवर, बोटांवर, डोळ्यांच्या बुबुळांवर नजर ठेवून पलीकडच्या कडेनं चालत राहिली. बाहेर संतोष व्हॅन मागंपुढं करत होता आणि शेजारच्या बंगल्यातून कुणीतरी ओरडत होतं की फाटक अडवू नका. ऊन खिडकीच्या काचेवरून खाली सरकलं. बोटांचं निवडणं थोडं मंदावल्यासारखं शालूला वाटलं, मग वाटलं नाही, मग पुन्हा वाटलं. डॉक्टर येईपर्यंत तिला हेच करायचं होतं.

"मावशी," ती अखेर म्हणाली, "एक विचारायचं राहिलं. काल विचारायला हवं होतं. राहणार का इथं? नको असेल तर विश्वजीतला मी फोन करते. घरी जायचं म्हणालात तर घरी. दवाखान्यात म्हणालात तर दवाखान्यात."

"त्यो ऐकंल व्हय तुझं?"

"नाही ऐकणार. तरी करते."

सुंदराबाई दारापाशी पोचली होती. चौकटीला हात टेकून तिनं जिन्याकडं पाहिलं. तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. शालूला वाटलं ही आता उतरायला लागेल, आणि उतरली तर आपण बाजूला व्हायचं, हे तिनं मनाशी दहादा म्हटलं.

"आजच्या दिस हाय मी," सुंदराबाई म्हणाली. "उद्याचं आज काय सांगू? उद्या इचार."

शालूनं मान डोलावली. तिच्या डोक्यात लगेच दुसरं सुरू झालं होतं. उद्या तिची सुट्टी होती, सकाळी वॉर्डावर कल्याणी असणार, आणि कल्याणीला असलं काही विचारायची सवय नव्हती. तिला आजच खाली जाऊन शिकवायला हवं होतं.